गणपूर्तीचे वर्गमूळ

अमळनेरच्या घरी माडीवर बसून मी एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाचे काम करतो. सहकारी तीन खंडांत विखुरलेले असल्यामुळे आमच्या बैठका रात्री साडेनऊला सुरू होतात. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरवणे कधी थांबवायचे, यावरचा माझा प्रस्ताव गेल्या हिवाळ्यात अशाच एका बैठकीत आला, तेव्हा अमेरिकेतला सहकारी म्हणाला, की आपण हा 'टेबल' करू. मी आनंदाने होकार दिला आणि पुढच्या बैठकीसाठी दोन रात्री जागून आकडे जुळवले. लंडनचा सहकारीही मुद्दे काढून तयार होता. पुण्याच्या एका तरुणाने तर या सारणीत स्तंभ कोणकोणते ठेवायचे, असे विचारले; डेटाबेसपलीकडचे टेबल त्याला ठाऊकच नव्हते. प्रत्यक्षात पुढच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषयच नव्हता. अमेरिकेत 'टेबल करणे' म्हणजे विषय बाजूला ठेवणे, तर ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तो चर्चेसाठी मांडणे! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ कडाक्याने भांडले आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती हे नंतर उघड झाले, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. आमचे निदान भांडण तरी झाले नाही.

मराठीत ही सोय आधीपासून आहे. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो आणि चर्चा तहकूब होते. या दोहोंची गल्लत शाळकरी मुलगाही करणार नाही. हे शब्द मी शिकलो ते आमच्या आप्पांकडून. आप्पा विकास सोसायटीचे गटसचिव होते आणि वार्षिक सभेच्या सूचनेच्या प्रती कार्बन घालून काढण्याचे काम माझ्याकडे असे. "गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही" हे तिचे शेवटचे वाक्य चौथ्या प्रतीवर इतके फिकट उमटे, की ते मला पुन्हा पेनाने गिरवावे लागे. त्या अर्ध्या तासात सभासद काही वाढत नसत, फक्त चहा येई.

गणपूर्तीवरूनही, म्हणजे सभेला किमान किती जण हवेत यावरूनही, आमच्या प्रकल्पात घोळ झालाच. 'कोरम' म्हणजे निम्म्याहून अधिक, यावर पुण्याचा तो तरुण ठाम होता, कारण पाच सर्व्हर असले की त्यांच्यात एकमत घडवणाऱ्या रॅफ्टसारख्या पद्धतीत निर्णयाला तीन लागतात, एवढाच कोरम त्याने पाहिलेला. आपल्या लोकसभेला एकदशांश पुरतो, म्हणजे ५४३ जागांमागे ५५ सदस्य, हे त्याला पटेना. त्यात कोणीतरी डेबियन या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या प्रकल्पाचे उदाहरण दिले. या प्रकल्पाने १९९८ साली स्वतःचे संविधान केले आणि सर्वसाधारण ठरावाच्या गणपूर्तीसाठी विकासकांच्या संख्येच्या वर्गमुळाची निम्मी संख्या घेऊन तिची तिप्पट करावी, असा नियम घातला. हजार विकासक असतील, तर वर्गमूळ ३१.६, त्याचे निम्मे १५.८ आणि तिप्पट ४७.४, म्हणजे झाली ४८ मते. शिवाय तिथे हजर माणसे मोजत नाहीत. 'यांपैकी काहीही नको' या मूळ पर्यायापेक्षा एखाद्या पर्यायाला वरचा क्रम देणाऱ्या मतपत्रिका तेवढ्या भराव्या लागतात. माणसे इतक्या दूरदूर बसलेली असताना हेच शहाणपणाचे आहे, असे मला वाटते, पण आप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून विचारले, "वर्गमूळ कोन काढस रे सभामा?"

आम्ही शेवटी निम्म्यांवर समाधान मानले, मात्र त्या नियमाखाली आप्पांचे ते फिकट वाक्य मी आग्रहाने घालून घेतले. मग 'टेबल' हा शब्द आपल्या नियमांतून आणि बोलण्यातून वगळावा, असा ठराव मी पाठवला. बैठकीला अकरापैकी चौघे आले. सभा तहकूब झाली, मी खाली जाऊन चहा करून आणला, आणि अर्ध्या तासाने त्याच चौघांनी ठराव एकमताने मंजूर केला.