दोन घरं कशाला पळवतो?

बुद्धिबळाच्या ओपनिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या, व्हिडिओतला समोरचा माणूस फार गुणी असतो. आपण राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं की तोही ढकलतो, आपण घोडा काढला की तोही घोडा काढतो, आणि सहाव्या-सातव्या चालीला नेमकं तेच प्यादं खातो जे खाऊ नये असं व्याख्याता नुकतंच बोललेला असतो. मग पटावर लाल बाण उमटतात, वजीर एच-५ला, म्हणजे एच या उभ्या ओळीतल्या पाचव्या घरात, जातो, कोण वरचढ ते दाखवणारी बाजूची इंजिनची पांढरी पट्टी सरसर वर चढते, आणि जुळे सोलापुरात एका गच्चीवर गादी टाकून फोन बघत पडलेला मी स्वतःच डाव जिंकल्यासारखा समाधानाने कूस बदलतो.

गच्चीवर, कारण एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे रात्री अकरापर्यंत भिंतींना हात लाववत नाही. झोप येत नाही, आणि क्रिकेट बघायचं तर शेजारच्या गच्चीवरून प्रत्येक चेंडू आधीच कळतो. बुद्धिबळाच्या व्हिडिओचं तसं नसतं. कुणी ओरडत नाही. एक माणूस हळू आवाजात सांगत असतो की हा उंट या कर्णावर का हवा, आणि मधूनच एखादी जाहिरात मोठ्या आवाजात येऊन गेली तरी उंट तिथेच असतो.

या व्हिडिओंत दोन जाती आहेत. पहिली सापळ्यांची. ‘आठ चालींत मात’, ‘ही ओपनिंग खेळा आणि प्रत्येक डाव जिंका’, वर तोंडाचा आ केलेला फोटो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तंबूबाहेरचा भोंगा जेवढं कबूल करतो तेवढं आत काही नसतं, तसाच हा प्रकार. समोरच्याने चूक केली तर काय हे त्यात दहा मिनिटं सांगतात, आणि नाही केली तर काय हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात.

दुसरी जात खऱ्या व्याख्यानांची. अमेरिकेतल्या सेंट लुईस बुद्धिबळ क्लबची व्याख्यानं मी मनापासून ऐकतो. भिंतीवर मोठा पट, समोर बसलेली पोरं, एखादं हात वर करून भलतंच उत्तर देतं आणि ग्रँडमास्टर ते उत्तर पटावर खेळून दाखवतो. त्यातले बेन फाइनगोल्ड ‘एफ-३ कधीच खेळू नका’ हे इतक्या वेळा म्हणतात की आता माझा हातच त्या प्याद्याकडे जात नाही. आपल्याकडे २०२०च्या लॉकडाऊनमध्ये विनोदी कलाकार समय रैना आणि बुद्धिबळ पत्रकार सागर शाह यांच्या प्रक्षेपणांनी किती घरांत धूळ खात पडलेले पट बाहेर काढले, ते वेगळं सांगायला नको. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या ही बुद्धिबळपटूंची नावं आता आमच्या भाजीवाल्यालाही माहीत आहेत. दिव्या देशमुखने २०२५मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्याने मला भाजीच्या भावाऐवजी आधी ती बातमी सांगितली.

पूर्वी ओपनिंग शिकायची म्हणजे तक्ते पाठ करायचे. ओपनिंगच्या ज्ञानकोशात ए-००पासून ई-९९पर्यंत पाचशे खाती, प्रत्येक खात्यात चालींच्या रांगा, शेवटी अधिक-उण्याचं एखादं चिन्ह. पांढरा किंचित बरा. का बरा, ते ज्याचं त्याने शोधावं. व्हिडिओने हे ‘का’ बोलून दाखवायला सुरुवात केली, आणि माझ्या मते त्याची खरी कमाई तीच. पण त्यातच एक गोम आहे. दुसरा माणूस विचार करत असताना ऐकलं की तो विचार आपणच केला असं वाटायला लागतं. दीड पट वेगाने ऐकलं की तर जास्तच.

मागे एका रविवारी भाच्याला घेऊन इथल्या एका शाळेत रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांच्या, स्पर्धेला गेलो होतो. दाराबाहेर पालक डबे घेऊन उभे, आत टेबलांच्या रांगा. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी इटालियन ओपनिंग खेळत होती. घोडा, उंट, सी-३, डी-३, किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची जोडचाल. प्रत्येक चालीनंतर घड्याळावर चापट. पहिल्या आठ चालींना तिने अर्धं मिनिटही घेतलं नसेल. समोरच्या मुलाने नवव्या चालीला कोपऱ्यातलं एच प्यादं एक घर ढकललं. साधी, निरुपद्रवी चाल. मुलगी थांबली. हनुवटी तळहातावर टेकली, पटाकडे बघितलं, मग छताकडे, मग दारातल्या आईकडे. तिचा व्हिडिओ तिथे संपला होता, आणि बुद्धिबळ तिथून सुरू होणार होतं. पुढे तिने चांगली झुंज दिली, हेही सांगायला हवं.

माझा व्हिडिओ मात्र रोज दुसऱ्या चालीलाच संपतो. त्याला कारण समोरच्या बिल्डिंगमधले अण्णा.

अण्णा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर होते. गिरणी बंद पडली, चिमणी राहिली, अण्णा आणि त्यांचा मेणकापडाचा पटही राहिला. पटावरचा एक काळा हत्ती कधीकाळी हरवला, त्याच्या जागी सुताच्या कांडीचा कापून गुळगुळीत केलेला तुकडा आहे. नवख्याला तो प्यादं वाटतो, आणि अण्णा ते मुद्दाम सांगत नाहीत. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि डाव बिघडला तर कानडी. काळी सोंगटी कायम त्यांचीच.

मी रात्री शिकलेलं घेऊन संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसतो. डी-४. अण्णा घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घेतात, जी-६. मी सी-४. अण्णांचा उंट जी-७वर. मी ई-४. अण्णा डी-६. माझी तीन प्यादी पटाच्या मध्यभागी ऐसपैस बसलेली, त्यांची सगळी सहाव्या-सातव्या रांगेत. पुढे ई-६, सी-६, ए-६. दोन घरं जायची मुभा असताना प्यादं एकच घर.

“अण्णा, दोन घरं जाता येतं की.”

“येतंय की. पण दोन घरं कशाला पळवतो बे? प्यादं परत येतंय काय?”

याला माझ्या कुठल्याच व्हिडिओत उत्तर नव्हतं.

अण्णा खेळ शिकले ते देशी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. अशा खेळात केंद्रावर झडप घालायची घाई करून उपयोगच नसतो, कारण प्यादी तिथे पोहोचायलाच वेळ लागतो. मग माणूस आधी घर बांधतो. घोड्यापुढचं प्यादं एक घर, त्याच्या मागे उंट, मग बाकीचं. आंतरराष्ट्रीय नियम अण्णांनी मान्य केले, पण हात जुन्या सवयीचाच राहिला.

बरेच दिवस मला हे गावठी खेळणं वाटायचं. मग एका रात्री किंग्ज इंडियन बचावावरचं एक लांबलचक व्याख्यान लागलं आणि पहिल्या पाच मिनिटांत मी उठून बसलो. जी-६, उंट जी-७, डी-६. व्याख्याता सांगत होता, पांढऱ्याला केंद्र घेऊ द्या, त्याला तिथे सुखाने बसू द्या, आणि मग ई-५ किंवा सी-५ने त्या केंद्राच्या मुळावर या. घोडा एफ-६वर सोडला तर बाकी सगळं अण्णांच्या ओट्यावरचंच.

या बचावाच्या नावातला ‘इंडियन’ शोभेचा नाही. १८५०च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर होता, युरोपातल्या तगड्या खेळाडूंपैकी एक. त्याची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी पडली. महेशचंद्र देशी नियमांत मुरलेले. दोघांनी शेकडो डाव खेळले, आणि कॉक्रेन त्यांतले निवडक डाव इंग्लंडला छापायला पाठवायचा. त्या डावांत महेशचंद्र काळ्याकडून जी-६, उंट जी-७ असंच मांडतात. तेव्हाच्या युरोपात शिस्त अशी की प्याद्यांनी केंद्र व्यापायचं, नाही व्यापलं तर तुम्हाला खेळ समजत नाही. पुढे १९२०च्या दशकात निमझोविच, रेटी या युरोपातल्या खेळाडूंनी केंद्र लांबून दाबता येतं असं मांडलं, तेव्हा त्याला आधुनिकाच्याही पुढचं म्हणून मिरवलं गेलं. ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२मध्ये जो बचाव आणला आणि ज्याला त्याचं नाव चिकटलं, तो महेशचंद्र १८५५मध्ये कॉक्रेनविरुद्ध खेळून बसले होते. नाव मात्र ग्रुनफेल्डचं. महेशचंद्रांना ‘इंडियन’मधला आपला वाटा तेवढा मिळाला, तोही सगळ्या देशाबरोबर वाटून.

देशी नियमांतून आलेल्या माणसाला ओपनिंग येत नाही, हे खरंच आहे म्हणा. मीर सुलतान खान पंजाबातून इंग्लंडला गेला तेव्हा त्याचीही सुरुवात कच्चीच होती. आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी शिकलेला, ओपनिंगची थिअरी त्याच्या गावीही नव्हती. तरी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद १९२९, १९३२ आणि १९३३ असं तीनदा जिंकलं, आणि १९३०-३१च्या हेस्टिंग्जला खुद्द माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीला पिछाडायचा आणि मग मधल्या आणि शेवटच्या खेळात वसूल करायचा. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. आता बोला.

एवढं डोक्यात घेऊन मी ते व्याख्यान अण्णांना दाखवायचं ठरवलं. नेमका पाणी यायचा दिवस होता. सोलापुरात पाण्याच्या दिवशी बाकी काही ठरत नाही. पिंपं भरली, बादल्या भरल्या, अण्णांच्या सूनबाईंनी नळी एकदा आमच्याकडे एकदा त्यांच्याकडे फिरवली, तेव्हा कुठे आम्ही ओट्यावर बसलो. अण्णांनी फोन हातभर लांब धरला. इंग्रजीशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे आवाज बंदच केला. त्याने काही बिघडलं नाही. बाण दिसत होते, चाली दिसत होत्या.

तीन-चार चाली झाल्या आणि अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. “थांब. मागं घे.”

मागे घेतलं.

“इथं ह्यानं ई-५ एकदम खेळला. आमच्यासारखं आधी ई-६ नाही.”

मी सांगितलं की एक चाल वाचते. अण्णांनी मान हलवली. वाचलेल्या चालीचं पुढे काय केलं हे त्यांना बघायचं होतं. मग आला तो प्रसिद्ध भाग, मार देल प्लाता. अर्जेंटिनात १९५३मध्ये त्या नावाच्या शहरातल्या स्पर्धेत गाजलेला. केंद्र बंद होतं, पांढरा वजिराच्या बाजूने घुसतो, आणि काळा स्वतःच्या राजापुढची प्यादी सोडतो, एफ-५, एफ-४, जी-५, जी-४, सगळी धावत पांढऱ्या राजावर. व्याख्यात्याचे हिरवे बाण पटभर.

अण्णांना हे अजिबात पसंत पडलं नाही. “सोताच्या राजापुढचं सगळं उघडं टाकून पळालाय हा. आणि हे कोण खेळतंय?”

“कास्पारोव्ह. जगज्जेता. वर्षानुवर्षं खेळला.”

“जिंकायचा?”

“भरपूर.”

अण्णांनी तो भाग परत लावायला सांगितला. मग परत. तिसऱ्यांदा मी नुसता फोन धरून बसलो होतो, मागे-पुढे अण्णाच करत होते, बोटाने पट्टी सरकवत, मधेच मेणकापडावर सोंगट्या तशाच मांडत. कांडीचा हत्ती एफ-८वर गेला. व्याख्यात्याने ज्या चालीवरून दोन वाक्यांत उडी मारली होती, तिथे अण्णा पाऊण तास थांबले. पांढऱ्याने एच-३ खेळून सगळं बंद केलं तर? व्हिडिओत ते नव्हतं. आम्ही दोघांनी मांडून बघितलं, आणि माझ्याकडचा पांढरा तरीही हरला.

त्या दिवसापासून संध्याकाळी पहिला प्रश्न तोच असतो, काय बे, काल काय बघितलास. मी काय शिकून आलोय हे त्यांना आधीच कळतं, त्यामुळे माझा होता तो फायदाही गेला. ई-६ त्यांनी सोडलेला नाही. पण पुढे कधीतरी, माझं केंद्र बंद झालं की, एफ प्यादं निघतं.

परवा त्यांना सांगितलं की १९९७मध्ये रशियाच्या क्रामनिकने बी-४ची चाल काढून कास्पारोव्हला हरवलं, आणि त्यानंतर कास्पारोव्हने किंग्ज इंडियन जवळजवळ सोडूनच दिला. अण्णा सोंगट्या लावत होते. बी-४ म्हणजे कुठलं प्यादं, ते त्यांनी पटावर बोट ठेवून विचारून घेतलं.

“दोन घरं पळवलं का त्यानं?”

“हो. एकदम दोन.”

“हां,” अण्णा म्हणाले, “कंटाळला असेल कास्पारोव्ह. आम्ही नाही कंटाळलो. तू खेळ.”