साक्षांकन नमुना आणि गांजाची जुनी केस

कॉलेजात असताना गांजा ओढला होता, आता सरकारी नोकरी मिळेल का? असं विचारणारे बहुतेक जण भलत्याच गोष्टीची धास्ती घेऊन बसलेले असतात. निवड झाल्यावर जो साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात मुख्य चौकशी असते ती अटक, खटला, न्यायालयाने केलेला दंड, दोषसिद्धी आणि प्रलंबित प्रकरणं यांची. यातलं काहीच घडलं नसेल तर सरळ 'नाही' लिहा. न विचारलेला कबुलीजबाब जोडू नका. वैद्यकीय तपासणीचं म्हणाल, तर रोज ओढणाऱ्याच्या लघवीत अंश महिनाभरही सापडू शकतात, पण वर्षांपूर्वीचं काही दिसत नाही.

केस झाली असेल तर मात्र कागद हाच सगळा खेळ. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ च्या कलम २७ खाली गांजाच्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ सापडला आणि तो अल्प प्रमाणात, म्हणजे १ किलोपर्यंत असेल, तर कलम २० खाली १ वर्षापर्यंत कैद. इथेच पोरं फसतात. 'गुन्हा कबूल कर, दंड भर, आजच मोकळा हो' असा सल्ला मिळतो. वाहतुकीची पावती फाडल्यासारखं वाटतं, पण ती दोषसिद्धी असते, आणि पुढे दंडाच्या व दोषसिद्धीच्या अशा दोन्ही प्रश्नांना 'होय' लिहावं लागतं. व्यसन खरोखर जडलेलं असेल तर कलम ६४अ वकिलाला आधी विचारा: मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्याला अशा किरकोळ गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतात.

केस लपवली की तो वेगळाच मुद्दा होतो. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली तरी नियुक्ती देणारा अधिकारी ती चूक माफ करू शकतो. उलट सगळं खरं लिहिलं तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. म्हणजे खरं लिहिणं ही हमी नाही, पण लपवणं हा बहुधा जास्त वाईट जुगार. पोलीस भरतीत तर संशयाचा फायदा मिळून झालेली सुटकाही पुरेशी ठरेलच असं नाही (सर्वोच्च न्यायालयाचाच मेहर सिंग निकाल, २०१३).

नमुना भरण्याआधी एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत काढा. बी किंवा सी समरी, म्हणजे केस बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, झाली असेल तर ती मंजूर केल्याचा मॅजिस्ट्रेटचा आदेशही हवा. गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलम आणि तारीख आठवणीतून लिहू नका. पोलीस ठाण्याच्या नोंदीशी जुळलं नाही की पडताळणी तिथेच अडकते. घटनेच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ (अल्पवयीन असतानाच्या दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देणारं) वकिलाला दाखवून मगच तो रकाना भरा. आणि नमुना दिल्यानंतर एखादी केस झाली, तर तेही लेखी कळवावं लागतं.