पातालपाणी ते कालाकुंड, पायी

डब्यात पोहे, वरून शेव आणि जिरावण मसाला. सहालाच आम्ही चौघी इंदूरहून महूच्या रस्त्याला लागलो. निघताना आजी म्हणाली, "पाण्यात उतरू नका गं." २०११ च्या जुलैत पातालपाण्याच्या धबधब्याला अचानक लोंढा आला नि माणसं वाहून गेली, ते ती विसरलेली नाही. आम्हीही कठड्याच्या आतूनच पाहिलं. चोरल नदीचं चहाच्या रंगाचं पाणी सुमारे ३०० फूट खाली कोसळत होतं. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.

पण माझा जीव रमला तो पुढच्या जंगलात. सागाला पांढरे तुरे आलेले. ओल्या मातीत एक मृगाचा किडा दिसला, लाल मखमलीचा ठिपकाच जणू. तळहातावर घेतला तर पाय पोटाशी घेऊन गप्प बसला. आम्ही चौघी वाकून वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने एक पाय हलला, मग दुसरा.

खाली दरीत मीटरगेजचा रूळ दिसत होता. तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, म्हणून ही रेल्वे इंदूरला आली. आजोबा हे फार अभिमानाने सांगायचे.

कालाकुंडला पोचलो तेव्हा चिंब भिजलो होतो. पानावरचा कलाकंद अजून कोमट होता. आजीसाठी पाव किलो बांधून घेतला.