गवती चहाच्या तेलाची बाटली

जांघेतल्या गजकर्णाचे रुग्ण मी रोजच तपासतो. परंतु गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका मावशींच्या मांडीवर गजकर्णाच्या लालसर कड्यामधली कातडी भाजल्यासारखी सोलवटलेली होती. विचारले तेव्हा त्यांनी पिशवीतून गवती चहाच्या तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. मलमाने जात नव्हते म्हणून हे तेल त्यांनी काहीही न मिसळता आठवडाभर चोळले होते.

ते मलम म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले, स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मिश्रण होते. त्याने खाज लगेच थांबते, म्हणून लोक ते सोडत नाहीत, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. मी कड्यावरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहिला, तर बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. उरलेला कोंडा प्रयोगशाळेत पाठवला. काही आठवड्यांनी उत्तर आले: ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए, टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी. २०२० मध्ये हे नाव मिळालेल्या या बुरशीत टर्बिनाफिन ज्या विकराला अडवते, त्या स्क्वालीन इपॉक्सिडेजच्या जनुकातच अनेकदा बदल झालेला असतो.

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी कुतूहलापोटी आणखी एक गोष्ट केली. मावशींची बुरशी पेरलेल्या पेट्री डिशच्या झाकणाला आतून त्याच तेलाचा थेंब टाकलेला टिपकागद चिकटवून त्यांनी डिश बंद केली, आणि त्या वाफेखाली बुरशी वाढलीच नाही. तेलातले सिट्राल पेशीच्या आवरणावर घाव घालते, त्यामुळे त्या जनुकातला बदल बुरशीच्या कामी आला नसावा.

हे ऐकून मावशींनी सरळ विचारले, "मग माझे काय चुकले, डॉक्टर?" बंद डिशमध्ये वाफ कोंडून राहते, उघड्या त्वचेवर ती उडून जाते आणि मागे राहते ती आग, असे मी सांगितले, खरे तर एवढे उत्तर मलाच अपुरे वाटले. किती पातळ केलेले तेल बुरशीला पुरेल आणि कातडीला सोसेल, हे एका डिशवरून सांगता येत नाही.

आधी सोलवटलेली कातडी भरू दिली, मग इट्राकोनाझोल हे दुसरे बुरशीनाशक सुरू केले. पुढच्या भेटीला मी त्यांच्या यजमानांना आणि सुनेलाही बोलावले. दोघांच्याही कमरेवर तसलीच कडी होती, आणि न्हाणीघरात सगळ्यांचा टॉवेल एकच होता.