तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या टू-स्ट्रोक डिझेलची ताकद कशी वाढवायची?

अमेरिकेत जुने ट्रक बाळगणारे आपले लोक मोजकेच. पण त्यातलं जे कुणी भेटतं ते मला हेच विचारतं: "डेट्रॉइटचं ८व्ही-७१ आहे, चढाला दमतं. मोठे इंजेक्टर टाकू का?"

इतक्यात नको. इंजेक्टर सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो, पण आधी हवेचं बघा.

डेट्रॉइट डिझेल हा तेव्हा जनरल मोटर्सचाच इंजिन-विभाग, आणि त्याची ही ७१ मालिका १९३८ सालची. प्रत्येक सिलिंडर ७१ घन इंचांचा, म्हणून ते नाव. आठ सिलिंडर मिळून ५६८ घन इंच, म्हणजे ९.३ लिटर. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, आणि धूर बाहेर काढून ताजी हवा भरायला वेळ फार थोडा मिळतो. पिस्टन खाली येताना आधी हेडमधले एक्झॉस्ट वाल्व उघडतात, मग लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खिडक्या उघड्या पडतात आणि ब्लोअरची, म्हणजे इंजिनावरच चालणाऱ्या हवेच्या पंपाची, हवा खालून शिरून धुराला वर रेटत बाहेर घालवते. हा ब्लोअर ताकद वाढवायला वरून जोडलेला नाही. तो नसेल तर इंजिन सुरूच होणार नाही. म्हणून एअर फिल्टर तुंबलेला असला किंवा सायलेन्सर काजळीने भरलेला असला, तर या इंजिनाचा जीव फोर-स्ट्रोकपेक्षा लवकर गुदमरतो.

मग ब्लॉकच्या बाजूची छोटी झाकणं उघडा. मला या इंजिनाची सगळ्यात आवडती गोष्ट हीच! टॉर्च धरून इंजिन हाताने फिरवलं की लायनरच्या खिडक्यांतून पिस्टनच्या रिंगा दिसतात. रिंग तुटली असेल किंवा खाचेत चिकटली असेल, तर ते हेड न उतरवता कळतं. अशा इंजिनात जास्त डिझेल ओतणं म्हणजे खर्चाला आमंत्रण.

रिंगा ठीक असतील तर पूर्ण ट्यून-अप करा: टॅपेट (वाल्वची फट), इंजेक्टरची उंची, गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) फट आणि शेवटी प्रत्येक इंजेक्टरचा रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी दांडी. रॅक सारखे नसले की काही सिलिंडर पोटभर डिझेल घेतात, काही अर्धपोटी राहतात. "इंजिन म्हातारं झालं" म्हणून जी तक्रार येते, तिचं कारण कितीतरी वेळा हेच निघतं.

आता इंजेक्टर. एन-५५, एन-६०, एन-६५ यांतला आकडा म्हणजे दर स्ट्रोकला जाणारं डिझेल, साधारण घन मिलिमीटरमध्ये. एन-६५ घालून मिनिटाला २१०० फेऱ्यांना हे इंजिन ३१८ अश्वशक्ती देतं. ड्रायव्हर त्याला '३१८' याच नावाने ओळखतात. तुमच्याकडे एन-५५ असतील तर एन-६५ जरूर टाका, पण आठही एकदम, आणि रॅक पुन्हा लावून. त्याहून मोठे टाकले की हवा तितकीच आणि डिझेल जास्त, मग काळा धूर आणि तापलेले पिस्टन.

टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या हवेच्या पंपाचा, मोह मला समजतो. तो ब्लोअरच्या आधी बसतो, ब्लोअर राहतोच. पण कारखान्यातून आलेल्या टर्बो इंजिनात पिस्टन वेगळे असतात, कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) १८.७ ऐवजी १७ च्या आसपास. लायनरच्या खिडक्यांची उंचीही निराळी. नुसता टर्बो बोल्टने कसून हे सगळं मिळत नाही. ओव्हरहॉल करायचाच असेल तर टर्बोचा पूर्ण संच घाला, रेडिएटरही मोठा घ्या.

आणि यातलं काहीही करण्याआधी हवेच्या तोंडावरची इमर्जन्सी झडप नीट मिटते का ते तपासा. एखादा इंजेक्टर पूर्ण डिझेलवर अडकला तर तो बाकीच्यांचे रॅकही तिथेच धरून ठेवू शकतो. ब्लोअरचं सील गळलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, आणि तेव्हा डिझेल तोडून उपयोग नसतो. हवाच बंद करावी लागते. रोज इंजिन थांबवायला मात्र ही झडप वापरू नका, त्या ओढीने ब्लोअरची सीलं खराब होतात.

माझा ट्रक असता तर मी एन-६५ वर थांबले असते आणि उरलेला पैसा तेरा गिअरच्या रोडरेंजर गिअरबॉक्सवर घातला असता. हे इंजिन १८०० ते २१०० फेऱ्यांच्या मधेच खरं ओढतं, आणि जवळजवळचे गिअर असले की चढावरही त्याला तिथे ठेवता येतं.