माराचं घंगाळ

पॅरिसचे पहिले तीन दिवस आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट आणि रांगा यांत गेले. मला लिहायचंय ते बुलेवार मोंमार्त्रवरच्या ग्रेवँ संग्रहालयातल्या एका टबाबद्दल.

मेणाचे पुतळे मला आवडत नाहीत, आईच्या हौसेसाठी गेले. हे संग्रहालय १८८२ साली उघडलं. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापून येत नसत. बातम्यांतली माणसं दिसतात कशी ते लोकांना कळावं, म्हणून आर्थर मेयेर या पत्रकाराने आल्फ्रेद ग्रेवँ या व्यंगचित्रकाराला हाताशी धरलं. आता सगळी झुंबड नटनट्या आणि खेळाडूंभोवती. फोटोच्या रेटारेटीत आईला दोनदा धक्का बसला, कुणी वळूनही पाहिलं नाही. फार राग आला मला.

राज्यक्रांतीच्या देखाव्यापाशी मात्र शुकशुकाट होता. टबात ज्याँ-पॉल मारा, क्रांतीतला जहाल पुढारी आणि पत्रकार, मरून पडलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. १३ जुलै १७९३ ची संध्याकाळ. पुतळे मेणाचे, पण टब माराचा खराखुरा म्हणून जपलेला. बुटाच्या आकाराचा, काळवंडलेला.

"अगं, हे तर आपलं घंगाळ!" आई म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. मारा आपल्या वर्तमानपत्रातून लोकांची मुंडकी मागायचा. ते थांबवायला शार्लोट कोर्दे ही तरुणी काँ या शहरातून एकटी पॅरिसला आली, सकाळी स्वयंपाकघरातली सुरी विकत घेतली आणि संध्याकाळी फितुरांची नावं सांगते म्हणून त्याच्या घरात शिरली. चार दिवसांनी तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. वय चोवीस. शाळेत हे वाचताना मी पूर्णपणे तिच्या बाजूची होते.

"पण तो टबात बसून का लिहायचा?"

"त्वचेचा रोग होता. पाण्यात बसलं की बरं वाटायचं."

आई कठड्याला धरून बराच वेळ त्या फडक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामंजींना शेवटी असंच झालं होतं. अंगाची नुसती आग व्हायची. कडुनिंबाचा पाला उकळून मी घंगाळ भरून द्यायचे. त्या वेळी त्यांच्या खोलीत आम्ही कुणाला जाऊ द्यायचो नाही."

पुढची दालनं आम्ही पाहिली नाहीत. बाहेर पासाज जूफ्रुआमध्ये कॉफी घेतली आणि आई आजोबांबद्दल बोलत राहिली, मी कधीच न ऐकलेलं.