स्वस्त डिजिटल काटा आणि काडतुसातल्या दारूचे वजन

टेक्सासमध्ये नेमबाजीचा छंद असलेले अनेक जण वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू आणि गोळी बसवून काडतुसे घरीच भरतात, आणि येथे स्थायिक झाल्यावर मीही ते काम शिकलो. (भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.) पुंगळ्या साफ करणे, प्राइमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवणे ही कामे सुरळीत पार पडली, घोडे अडले ते वजनापाशी.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन जेमतेम 65 मिलिग्रॅमचा. पिस्तुलाच्या काडतुसात अनेकदा पाचेक ग्रेनच दारू असते, त्यामुळे 0.1 ग्रेनचा फरकही दोन टक्क्यांचा ठरतो. 0.01 ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचा एक टप्पाच सुमारे 0.15 ग्रेनचा असतो. मी 0.001 ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा स्वस्त काटा घेतला.

त्याने माझा अंत पाहिला. बरीचशी दारू वाटीत टाकल्यावर उरलेली कणाकणाने सोडायची असते. पण कण पडत राहत आणि आकडा ढिम्म हलत नसे, मग एकाएकी उडी मारून नेमक्या वजनाच्या पुढे जाई. असे काटे आकडा थरथरू नये म्हणून अगदी सावकाश होणारा बदल तापमानामुळे आलेला समजून गिळून टाकतात. स्वयंपाकघरात ही सोय असेल. येथे मात्र पडद्यावरच्या आकड्यापेक्षा वाटीत जास्त दारू असणे म्हणजे बंदुकीच्या नळीत जास्त दाब. दारूच्या कंपनीने ठरवून दिलेली कमाल मर्यादा अशा आकड्याच्या भरवशावर गाठायला जाणे हा निव्वळ अविचार आहे. उपाय साधा निघाला, पण कंटाळवाणा: कण सोडून झाले की वाटी उचलायची, पुन्हा ठेवायची आणि तेव्हा दिसणारा आकडाच खरा मानायचा. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणलेला असतो, म्हणून वाटी उचललेली असताना पडद्यावर उणे चिन्हासह तिचे वजन दिसते. ते प्रत्येक वेळी तेवढेच आले पाहिजे. बदलले, तर शून्य सरकले आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नव्हते, याचा राग अजून गेलेला नाही.

वातानुकूलन यंत्राचा झोत काट्यावर येऊ देऊ नये. काटा आधी थोडा वेळ चालू ठेवावा आणि मगच सोबतच्या 20 ग्रॅमच्या वजनाने तपासावा, ते 308.6 ग्रेन दिसायला हवे. पण मोजायचे असतात पाच ग्रेन, म्हणून तेवढ्याच हलक्या प्रमाणित वजनानेही खात्री करून घ्यावी. एककाचे बटण चुकून दाबले गेले तर ग्रेनऐवजी कॅरट दिसू लागतात, तेव्हा प्रत्येक बैठकीत पडद्यावरची एककाची खूण आधी पाहावी. बॅटरी उतरली की आकडे भरकटतात.